सुटा मणी

मी नेमबाजी करायचे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, खरी बंदूक का? दुसरा, मग मेडलं किती? पहिल्याचं उत्तर लांबतं आणि दुसऱ्याचं फारच आखूड आहे. त्यापेक्षा शाळेतल्या गणिताच्या बाई म्हणून जी ओळख आहे, ती बरी. पण यंदाच्या दसऱ्याला जे झालं, त्यानंतर लिहून काढल्याशिवाय माझी काही सुटका दिसत नाही. म्हणून बसलेय.

तर बंदूक खरी, पण हवेवर चालणारी. एअर रायफल. दहा मीटरवर पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असतं, त्यावर काळा गोल, आणि गोलाच्या मधोमध दहा गुणांचं टिंब. बॉलपेन टेकवून उचललं की जेवढा ठिपका उमटतो तेवढं ते टिंब. त्यात मारायचा असतो शिशाचा छर्रा, मुगापेक्षा जरा मोठा, कमरेत बारीक आणि पुढून सपाट. असे चाळीस छर्रे. प्रत्येकाचे जास्तीत जास्त दहा, म्हणजे एकूण चारशे गुण. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

बाबा नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. आम्ही सिडकोत राहायचो, म्हणजे सायकलनं दहा मिनिटांत ते कामावर. मूळचे नांदगावकडचे, पण कारखान्यात लागण्याआधी दोन हंगाम त्यांनी द्राक्षाच्या बागेत काढले होते, छाटणीला आणि पेटीत माल भरायला. माणूस शांत. दिवसभर मिलिमीटरचा हजारावा भाग शोधत बसणाऱ्याला ओरडून चालत नाही, असं ते म्हणायचे. ओरडायचं खातं माझ्याकडे होतं, आणि थोडं आईकडे.

मी नेमबाजी शिकायचे त्या क्लबात चांगली, परदेशी बनावटीची रायफल एकच होती. आम्हाला स्वतःची घेणं शक्यच नव्हतं, आणि तसं ते बऱ्याच जणींना नव्हतं. म्हणून क्लब ती रायफल हंगामापुरती एका मुलीला द्यायचा. ज्युनिअर गटातल्या माझ्या शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे आली. देताना आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी स्पष्ट सांगितलं. यंदा राज्य स्पर्धेत राष्ट्रीयची पात्रता गाठलीस तर रायफल तुझ्याकडे राहील, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला. ती दुसरी मुलगी शेजारच्याच लेनवर उभी होती आणि तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. पात्रतेला तीनशे सत्त्याहत्तर लागायचे. आदल्या वर्षी मी चारनं हुकले होते.

त्या चार गुणांचा बाबांनी ध्यास घेतला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे छर्रे, पण एका लॉटचे तिला मानवतात, दुसऱ्या लॉटचे नाही. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा मी पाहिला. "म्हणजे हा फिटिंगचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मग लय सोपंय." फार आनंद झाला की त्यांच्या तोंडून नांदगाव बाहेर पडायचं.

सोपं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी टूलरूमच्या सवयीनं मायक्रोमीटर काढला आणि एकेक छर्रा मापायला लागले. पहिले वीस छर्रे तंतोतंत एका मापाचे निघाले. बाबा खूश. मग मी एक उचलून उजेडात धरला, तर त्याची कंबर चेपलेली. शिसंच ते. मायक्रोमीटरनं चिमटा काढल्यावर बाबा म्हणतील ते माप ते दाखवणार. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्यापुढं कुणीही सरळ होतं." बाबांनी मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला तो परत काढला नाही.

मग सराफ बाजारातून मिलिग्रॅम दाखवणारा काटा आला. दिवेलागणीला आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसायचो. मी चिमट्यानं छर्रा काट्यावर ठेवायची, बाबा आकडा वाचायचे, आणि वजनाप्रमाणे छर्रे आईच्या नव्या मिसळणाच्या डब्यात पडायचे. त्या डब्याला सात वाट्या होत्या, त्यामुळे आमच्याकडे वजनाचे वर्गही सातच. हळदीच्या वाटीत सगळ्यात हलके, मोहरीच्या वाटीत सगळ्यात जड. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शिसं आहे ना ते? आता तो डबा माझ्या ओट्यावर परत येणार नाही." आणि साबणाची वडी आमच्या पुढ्यात आपटून गेली. ते मात्र बरोबरच होतं. छर्रे हाताळले की हात धुवायचे, हा नियम तिचा, आणि बाबांनी तो शेवटपर्यंत पाळला.

एकदा बाबांच्या डोक्यात आलं की तेल लावून बघू. कारखान्यात तेल न लावता कुठला पार्ट बसवतात? मशिनचं तेल लावलेले पन्नास छर्रे त्यांनी क्लबात आणले. त्यांतले दहा मारले, तर कार्डावर गोवर उठल्यासारखं दिसत होतं. सरांनी कार्ड बघितलं, छर्र्यांचा वास घेतला आणि बाबांना म्हणाले, "काका, भजी तळायचीत का?" बाबा आठवडाभर ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

पण बाबांनी बनवलेला शिकंजा पाहून सरांची थट्टा थांबली. जेवणाच्या सुट्टीत, भंगारातल्या लोखंडाच्या ठोकळ्यातून त्यांनी तो महिनाभर घडवला होता. आतून जुन्या सतरंजीचा तुकडा लावलेला, रायफलीला ओरखडा येऊ नये म्हणून. तो टेबलाला आवळायचा, त्यात रायफल धरायची, म्हणजे माणसाचा हात, श्वास, धडधड सगळं बाजूला. उरते फक्त नळी आणि छर्रा. एका लॉटचे दहा मारायचे, कार्ड बदलायचं, दुसऱ्या लॉटचे दहा.

रविवारी सकाळी क्लब रिकामा असायचा. बाबा स्कूटरवर पुढे शिकंजा ठेवायचे, मी मागे रायफलीची पेटी घेऊन बसायची. आषाढापासून आमचा हा कार्यक्रम चालू झाला. बाहेर पाऊस, आत पत्र्याखाली आम्ही दोघं, आणि छर्रा सुटला की होणारा तो छोटासा फट् आवाज. बाबा प्रत्येक कार्डाच्या मागे लॉटचा नंबर लिहायचे, गोल गोल अक्षरात. कार्डावर भोकांचा जो पुंजका पडतो त्याला नेमबाज ग्रुप म्हणतात. बाबा त्याला घड म्हणायचे. "हा घड पसरट आहे." "हा खाली उतरलाय." आणि नऊ भोकं जवळ आणि एक लांब गेलं की म्हणायचे, "सुटा मणी." द्राक्षाच्या बागेत घडातून गळालेल्या मण्यांना सुटे मणी म्हणतात, ते पेटीत जात नाहीत. हळूहळू सरही घड म्हणायला लागले. मग मुलीही. मी मारताना एखादा वाईट गेला की शेजारून कुणीतरी हळूच म्हणायची, "मणी सुटला गं."

परत येताना पाववडा. हात धुवून, हा नियम आलाच. बाबा खिशात साबणाचा तुकडा प्लॅस्टिकच्या डबीत घेऊन फिरायचे आणि गाडीवाल्याकडून तांब्याभर पाणी मागून घ्यायचे. गाडीवाला म्हणायचा, "काका, एवढं तर डॉक्टर पण हात धुवत नाही." पावसात स्कूटर उभी करून गरम पाववडा खाताना बाबा घडांबद्दल बोलत राहायचे, आणि मी ऐकतेय न ऐकतेय असं करत तळलेली मिरची शोधायची. तेव्हा मला वाटायचं की हे असे रविवार पुष्कळ येणार आहेत. आता मोजते तर जेमतेम पंधरा-सोळा भरतात.

अकरा लॉट झाले. बाराव्याला दहा छर्रे मारून मी कार्ड ओढून आणलं तर बाबा म्हणाले, "आणखी नऊ मार ना." मी म्हटलं, दहाही मारले. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. कार्डावर एकच भोक होतं, छर्र्यापेक्षा किंचित मोठं, कडा जरा फाटलेल्या. बाबांनी ते कार्ड खिडकीपाशी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि त्यातून एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. "लय भारी," ते म्हणाले. मग बाजूला जाऊन चष्मा पुसत उभे राहिले.

त्या लॉटचे दोनच डबे मिळाले. दुकानदारानं पुढं हात वर केले, तो लॉट संपला होता. मग ठरलं की सरावाला दुसरे छर्रे, आणि हे फक्त रंगीत तालमीला आणि स्पर्धेला. बाबांनी दोन्ही डब्यांच्या झाकणावर कारखान्यातल्यासारखं हिरव्या पेननं 'ओके' लिहिलं. दसऱ्यापर्यंत त्यातले सातशे शिल्लक होते आणि स्पर्धेला तीन आठवडे होते. मी तालमीत सलग चार वेळा तीनशे ऐंशीच्या वर मारले होते. सर मला बघून आता हसायला लागले होते.

दसरा आमच्याकडे जोरात असतो. आईचं माहेर मखमलाबादचं, झेंडू आणि भाजीपाला लावणारं घर. मामा आदल्या दिवशी पोतंभर झेंडू टाकून जायचा आणि आई दारापासून संडासाच्या कडीपर्यंत सगळ्याला माळा बांधायची. खंडेनवमीला अवजारांची पूजा. विळी, शिलाई मशीन, स्कूटर, बाबांची पेटी. त्या वर्षी क्लब बंद म्हणून सरांनी रायफल चार दिवस घरी न्यायला दिली होती, उभं राहून धरायचा सराव करायला. बाबा आईला म्हणाले, "तिला लांबून हां." आईनं पेटीला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, फूल ठेवलं, आणि बाबांकडे बघून म्हणाली, "एवढं चालेल ना साहेब?" मग बाबा आणि मी अंबडला गेलो. त्या दिवशी मशिनांची पूजा असायची आणि घरच्यांना आत जाऊ द्यायचे.

आम्ही गेल्यावर आईला डबे दिसले.

नंतर तिनं जे सांगितलं ते असं. बंदुकीची पूजा केली आणि गोळ्यांची नाही, हे तिच्या मनाला पटेना. विळीला कुंकू लावायचं आणि पात्याला नाही, असं असतं का? आणि बंद झाकणाला काय नमस्कार करायचा? म्हणून तिनं दोन्ही डबे उघडले. फुलानं दूध-पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. पोरीला यश दे म्हणाली. मग धूळ बसू नये म्हणून झाकणं घट्ट लावली. आम्हाला काही बोलली नाही, कारण पूजा केली हे काय सांगायचं असतं?

पाचव्या दिवशी मी डबा उघडला. आत लाल-पिवळा चिखल वाळला होता. छर्रे एकमेकांना चिकटलेले, आणि जिथं कुंकू नव्हतं तिथं शिशावर पांढरी बुरशीसारखी भुकटी आलेली. आंबट वास येत होता. एक तांदूळ एका छर्र्याच्या मागच्या पोकळीत बरोबर जाऊन बसला होता.

मी काय बोलले ते मला सगळं आठवतं. आठवू नये असं वाटतं, पण आठवतं. "तुला अक्कल आहे का?" इथून सुरुवात केली आणि अडाणी या शब्दापर्यंत पोचले. आई कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातानं दारात उभी राहिली. बाबा म्हणाले, "आवाज खाली." त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, वास घेतला, आणि म्हणाले, "धुऊन बघू."

तीन संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. बाबांनी कोमट पाण्यात साबण घालून छर्रे खळबळले, मग दुसऱ्या पाण्यात, मग तिसऱ्या. आईनं तिची जुनी मऊ सुती साडी फाडली आणि एकेक छर्रा टिपला. मी तिच्याशी बोलत नव्हते. तांदूळ निवडून निवडून तिची नजर अशी तयार होती की बाबांच्या भिंगाला न दिसलेला डाग तिला दिसायचा. "हा नको," म्हणून ती बाजूला काढायची. संशय येईल तो बाजूला. शेवटी बाबांच्या काट्यातून आणि तिच्या डोळ्यांतून दीडशेच्या आसपास पार पडले. स्पर्धेला तेवढे पुरणार होते. फक्त एक राहिलं. क्लबाचे पत्रे बदलायचं काम निघालं आणि आम्हाला ते शिकंज्यात लावून बघता आले नाहीत.

स्पर्धा पुण्याला होती. आई हट्टानं बरोबर आली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. बाबा जाताना एकच म्हणाले, "छर्रे आपल्या हातात होते तेवढं आपण केलं. आता त्यांचा विचार करायचा नाही."

मी छान मारत होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी खूप छान मारत होते. पहिल्या दहात पंच्याण्णव, दुसऱ्यात चौऱ्याण्णव, तिसऱ्यात पुन्हा पंच्याण्णव. धुतलेल्या छर्र्यांचा विचार मनात आला नाही. शेवटचा छर्रा राहिला तेव्हा मागच्या पाटीवर तीनशे अडुसष्ट होते. म्हणजे नऊ हवे होते. फक्त नऊ. नऊचा गोल दहाच्या टिंबापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि त्या दिवशी नऊच्या खाली माझा एकही गेला नव्हता.

रायफल खांद्याला लावली. आमच्या सरांचा एक नियम होता. धरून दहा सेकंद झाले आणि सुटला नाही, तर खाली घ्यायची. श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. वेळ माझ्याकडे भरपूर होता. दहा सेकंद झाले. मला कळलं की झाले. खाली घे, असं मी स्वतःला म्हटलंसुद्धा. पण समोर काळा गोल अगदी स्थिर दिसत होता आणि मला ते संपवायचं होतं, बस. चाप ओढला. ओढला म्हणजे ओढलाच, दाबला नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत मला माहीत होतं.

आठ. डावीकडे खाली. एकूण तीनशे शहात्तर.

बाहेर आले तेव्हा बाबा आणि आई कठड्यापाशी उभे होते. बाबांनी पाटी वाचली होतीच. त्यांनी विचारलं, "शेवटच्याला काय झालं?"

मी म्हटलं, "छर्रा वाकडा गेला."

आईच्या हातात दशम्यांचा डबा होता. तिनं तो पिशवीत परत ठेवला, पिशवीचे बंद सरळ केले, आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं." नाही म्हणायला एक शब्द लागतो. मी तो म्हटला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. एसटीत आई खिडकीपाशी बसली आणि नाशिक येईपर्यंत तिनं काही खाल्लं नाही. सिन्नरच्या स्टँडवर बाबांनी तिला चहा आणून दिला, तो तिनं हातात धरून ठेवला आणि गार झाल्यावर ओतून दिला.

पुढच्या रविवारी रायफल परत करायची होती. बाबांनी सरांकडून एक तास मागून घेतला आणि शिकंजा घेतला. उरलेले छर्रे त्यांच्या खिशात होते. मी कशाला येऊ, असं म्हणून बघितलं, तर म्हणाले, "चल." नवे पत्रे बसले होते, आत उजेड जास्त वाटत होता. बाबांनी दहा मारले. एक भोक. मग त्यांनी दुसऱ्या पुडीतले दहा काढले, आईनं संशय घेऊन बाजूला टाकलेले. ते मारले. पुन्हा एकच भोक.

बाबांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"रायफल खाली घ्यायची होती का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं." मग त्यांनी शिकंजा सोडवायला घेतला. पान्यानं नट फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला तू सांग. मी सांगणार नाय. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी तिची समजूत काढतोय."

मी हो म्हटलं. येताना आम्ही पाववडा खाल्ला, हात धुवून.

त्या संध्याकाळी सांगणार होते. आई मेथी निवडत होती, मी समोर जाऊन बसलेही. पण चार काड्या निवडल्या आणि उठले. उद्या सांगू. मग परीक्षा आली. मग रायफल दुसऱ्या मुलीकडे गेली आणि त्याचं दुःख मी घरभर असं पसरलं की त्यात दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही. आणि पुढं मला त्याची सवय झाली, हे सगळ्यात वाईट. कॉलेजात मी तो किस्सा सांगायला लागले. आमच्या आईनं गोळ्यांना कुंकू लावलं! सगळे पोट धरून हसायचे. माझ्या लग्नात मैत्रिणींनी तो सासरच्यांना सांगितला. आईही हसली, पदर तोंडाला लावून. बाबा तिथंच पंगतीत वाढत होते. त्यांनी ऐकलं आणि भाताचं पातेलं घेऊन पुढं गेले.

आई तेव्हापासून दर दसऱ्याला विचारायला लागली. कशालाही कुंकू लावायच्या आधी. फ्रीज, नवा मिक्सर, माझ्या नवऱ्याची गाडी. ओलं बोट हवेत धरून विचारायची, "ह्याला लावलं तर चालेल ना? काही बिघडणार नाही ना?" कुठलीही वस्तू असो, हेच. आणि मी दर वर्षी मान हलवायची, लाव, चालतंय. मनात म्हणायची, पुढच्या वर्षी सांगते. अशी सतरा वर्षं गेली. बाबांनी माझ्यापाशी तो विषय परत कधीच काढला नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

आई आता माझ्याकडे असते. यंदा मुलीला सायकल घेतली, लाल रंगाची. खंडेनवमीला सकाळी आई ताम्हण घेऊन सायकलीपाशी वाकली. झेंडू हँडलला अडकवला. कुंकवात बोट बुडवलं आणि थांबली. "हिला गंज तर नाही ना चढायचा गं?" तिनं विचारलं. "पोरीची वस्तू आहे. मागच्यासारखं नको व्हायला."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. दहा सेकंद, चाप, आठ, पुढचा रविवार, दोन कार्डं, सगळं. तिचं बोट हवेतच होतं, कुंकू वाळत चाललं होतं.

मग ती म्हणाली, "म्हणजे धुतलेले छर्रे बरोबर होते?"

"हो."

"मी बाजूला काढलेले पण?"

"ते पण."

तिनं ताम्हण खाली ठेवलं. मला वाटलं आता बोलेल, बोलायलाच हवं होतं तिनं. मी तिला अडाणी म्हटलं होतं. पण ती सायकलीच्या चाकाकडे बघत होती, आणि जणू एखादा हिशेब लागल्यासारखी मान हलवत होती.

"तरीच," ती म्हणाली. "तुझे बाबा दर दसऱ्याला, सोनं देऊन झालं की मला विचारायचे. पोरगी तुला काही बोलली का गं? मी म्हणायचे, कशाबद्दल? तर म्हणायचे, काही नाय, असंच. शेवटच्या दसऱ्याला दवाखान्यात होते ना, बोलवत पण नव्हतं त्यांना, तेव्हासुद्धा विचारलं. मी म्हटलं, नाही हो, काही नाही बोलली."